मोडलेले हाड, हलते बोट
हाताच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरातून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की किल्ल्याजवळून आपण भिंगारला येतो. एका अंगाला लष्कराची छावणी आहे. नगरमध्ये चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. दुसऱ्या अंगाला ज्वारी-बाजरीची, कडब्याची आणि पाणी पोहोचले तिथे उसाची शेते आहेत. या दोन जगांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही असे वरवर वाटते. पण दोन्हीकडे माणसाचा हात यंत्राशेजारी काम करत असतो, आणि यंत्राशेजारी काम करणारा हात कधी ना कधी यंत्रात सापडतो.

कडबाकुट्टीचेच उदाहरण घेऊ. कडबा आत सरकवणारा हात दातेरी रुळांत ओढला जातो आणि पुढच्याच क्षणी पात्यांपर्यंत पोहोचतो. मळणीयंत्र, लेथ, पत्रा कापणारे प्रेस, उसाचा चरक या सर्वांची तऱ्हा थोड्याफार फरकाने अशीच. अशा अपघातात नुसते हाड मोडत नाही. त्याच्यासोबत कातडी फाटते, रक्तवाहिन्या व मज्जातंतू चिरडले जातात आणि बोट हलवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, उघड्या पडतात. जखमेत माती, वंगण, शेण आणि कडब्याचा भुसा गेलेला असतो.

असे हाड पुन्हा जुळवायचे कसे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हाड उत्तम जुळले, क्ष-किरण चित्र निर्दोष आले आणि तरीही मूठ मिटत नाही, असे पूर्वी वारंवार घडत असे आणि आजही घडते. हाड जुळवणे आणि हात परत मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाला समजायला फार काळ लागला.

सत्तावीस हाडांचे यंत्र

मनगटात ८ मणिबंधास्थी, तळहातात ५ करभास्थी आणि बोटांत १४ अंगुल्यस्थी अशी एका हातात २७ हाडे असतात. दोन्ही हातांची मिळून ५४. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडे असतात. म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक हाडे केवळ दोन हातांत आहेत.

बोटांमध्ये मात्र एकही स्नायू नाही. बोट वाकवणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांच्या कंडरा तळहातातून बोटाच्या टोकापर्यंत जातात. मनगटाजवळ दुसऱ्या हाताची बोटे टेकवून मूठ उघडझाप करून पाहा, या दोऱ्यांची ये-जा हाताला जाणवेल. विहिरीवरच्या रहाटाचा दोर जसा चाकाच्या खोबणीतून सरकतो, तशा या कंडरा अरुंद नलिकांमधून सरकतात. बोट सरळ करणारी कंडरा तर मागच्या बाजूला पातळ पट्टीसारखी थेट हाडावर पसरलेली असते. हाड आणि कंडरा यांच्यामध्ये मांसाची जाड गादी नसते.

या रचनेतूनच सारी अडचण निर्माण होते. मोडलेल्या हाडाच्या टोकांना एकत्र येण्यासाठी स्थैर्य हवे. कंडरेला मात्र सरकत राहण्यासाठी हालचाल हवी. जखम भरताना शरीर जो चिकट तंतुमय पदार्थ तयार करते, तो हाडाच्या टोकांना जोडतो आणि शेजारच्या कंडरेलाही हाडाशी जोडून टाकतो. मांडीचे हाड मोडले तर काही महिने पाय स्थिर ठेवूनही पुढे चालता येते. बोट मात्र चार-सहा आठवडे पूर्ण निश्चल ठेवले तर ते कायमचे ताठर होण्याचा धोका असतो. हाताच्या अस्थिभंगावरील उपचारांचा सारा इतिहास म्हणजे या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आहे.

सुश्रुताचा मातीचा गोळा

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांच्या उपचारांवर आहे. हाड ताणून जागेवर आणणे, दाबून बसवणे आणि मग बांधणे असा त्यातला क्रम आहे. बांधण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन इत्यादी झाडांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. त्यांना 'कुशा' असे म्हटले आहे. मोडलेले बोट सरळ करून ते पातळ कापडाने गुंडाळावे आणि त्यावर तूप सोडावे, असे बोटासाठी वेगळे मार्गदर्शन आहे.

तळहाताच्या अस्थिभंगाबाबत तिथे जे सांगितले आहे ते मात्र आजच्या वाचकाला थांबून विचार करायला लावते. हात बांधल्यानंतर पुढे रोग्याने आधी मातीचा गोळा हातात धरावा, नंतर मिठाचा खडा धरावा आणि हाताला बळ आल्यावर दगड धरावा, असा तो क्रम आहे. मऊ वस्तूपासून कठीण वस्तूपर्यंत चढत जाणारा हा व्यायाम आहे. आज हाताच्या उपचारकेंद्रात रोग्याला प्रथम मऊ लगदा आणि पुढे कडक चेंडू दाबायला देतात, त्यामागेही हाच विचार आहे. हाड बांधले म्हणजे काम संपले असे नव्हे, हे त्या ग्रंथकर्त्याला ठाऊक होते.

या उपचाराच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हाड मोडून कातडीबाहेर आले की जखम पिकत असे आणि मग हातच नव्हे तर जीवही जात असे. शिवाय आत हाडाचे तुकडे कसे पडले आहेत हे केवळ चाचपून ओळखावे लागे. बाहेरून बांधलेली पट्टी काही तुकड्यांना धरू शकते, काहींना नाही.

यातल्या 'नाही' प्रकाराचे एक उत्तम उदाहरण डब्लिनच्या एडवर्ड बेनेट यांनी १८८२ साली प्रसिद्ध केले. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या करभास्थीचा हा तिरका भंग आहे. क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीच, हाडांच्या नमुन्यांचे निरीक्षण करून त्यांनी त्याचे वर्णन केले. यात हाडाचा एक लहान तुकडा घट्ट अस्थिबंधामुळे जागच्या जागी राहतो आणि उरलेले सबंध हाड अंगठा बाहेर ओढणारी कंडरा मनगटाकडे खेचून नेते. डॉक्टरने ते जागेवर बसवले तरी हात सोडताच ते पुन्हा निसटते. असे हाड आतूनच धरून ठेवायला हवे. पण आत शिरायचे कसे?

क्ष-किरण, जंतुनाशक आणि ग्रामोफोनची सुई

आत शिरण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक होत्या: जखम न पिकण्याची हमी, आतले दिसण्याची सोय आणि शरीराला सोसेल असा धातू.

पहिली गोष्ट जोसेफ लिस्टर यांनी दिली. १८६७ साली त्यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत मांडली. १८७७ साली त्यांनी मोडलेली गुडघ्याची वाटी उघडून चांदीच्या तारेने जोडली. चांगले झाकलेले हाड मुद्दाम उघडणे हे त्या काळात मोठे धाडस होते.

दुसरी गोष्ट १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हिल्हेल्म राँटगेन यांना सापडली. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र त्याच वर्षी २२ डिसेंबरला घेतलेले आहे: पत्नीच्या हाताची हाडे आणि बोटातली अंगठी. क्ष-किरणांचे जगासमोर आलेले हे चित्र हाताचेच असावे हा एक योगायोग. पण हात पातळ असल्याने त्याचे चित्र सुस्पष्ट येते, हेही खरे.

तिसऱ्या गोष्टीला वेळ लागला. जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांनी १९०९ साली पियानोच्या तारेसारखी बारीक पोलादी तार हाडातून आरपार घालण्याची पद्धत सांगितली. त्यांचा मूळ उद्देश मोडलेला पाय ताणून धरणे हा होता. त्या तारेला वजन टांगले की हाड ताणले जाई. पुढे या तारेचा उपयोग लहान हाडांचे तुकडे एकमेकांना टाचून ठेवण्यासाठी होऊ लागला. आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत तिला 'के-वायर' म्हणतात. त्यातला 'के' किर्शनर यांचा.

मधल्या काळात लोकांनी हाताशी येईल ते वापरून पाहिले. १९२४ साली टेनंट नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने जागेवर न राहणारी लहान हाडे धरून ठेवण्यासाठी ग्रामोफोनची पोलादी सुई वापरल्याचे एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. आज हसू येईल, पण सुई टणक होती, टोकदार होती, बारीक होती आणि बाजारात सहज मिळत होती. गरज नेमकी याच गुणांची होती.

तरी एक अडचण उरली. काही रोग्यांमध्ये धातूभोवतीचे हाड झिजे आणि स्क्रू सैल पडत. याचे कारण १९३० च्या दशकात अमेरिकेतील व्हेनेबल आणि स्टक यांनी दाखवून दिले. शरीरातील द्रव खारट असतो. त्यात दोन वेगळ्या धातूंचे तुकडे शेजारी ठेवले, तर लिंबात जस्त आणि तांबे खोचल्यावर जे घडते तेच घडते: विद्युतघट तयार होतो. धातू झिजतो आणि भोवतालच्या ऊतींना इजा होते. म्हणून शरीरात एकाच प्रकारचा आणि सहजी न गंजणारा धातू घालावा, हा नियम रूढ झाला. कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांची मिश्रधातू, योग्य प्रतीचे स्टेनलेस स्टील आणि पुढे टायटॅनियम यांचा वापर त्यातून वाढला.

दुसऱ्या महायुद्धात हाताच्या जखमा झालेल्या सैनिकांची संख्या प्रचंड होती. अमेरिकेत स्टर्लिंग बनेल यांच्या मार्गदर्शनाखाली अशा सैनिकांसाठी वेगळी केंद्रे सुरू झाली. त्यांचा हाताच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ १९४४ साली निघाला. हाताची कातडी, हाड, कंडरा आणि मज्जातंतू यांचे उपचार चार वेगळ्या तज्ज्ञांत वाटून न देता एकाच शल्यचिकित्सकाने त्यांचा एकत्र विचार करावा, ही दृष्टी तेव्हा रुजली. १९५० च्या दशकात क्ष-किरणांची हलती प्रतिमा पडद्यावर उजळ करून दाखवणारे उपकरण आले आणि कातडी न उघडता, पडद्याकडे पाहत तार घालणे शक्य झाले. बेनेटने वर्णन केलेले निसटते हाडही आता दोन तारांनी जागेवर राहू लागले.

जास्त मजबूत म्हणजे जास्त चांगले?

स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन अस्थिभंगाच्या अभ्यासासाठी एक गट स्थापन केला. पट्टी आणि स्क्रूने हाड इतके घट्ट आवळायचे की रोग्याला लगेच सांधे हलवता यावेत, हा त्यांचा आग्रह होता. मोठ्या हाडांसाठी ही पद्धत फार उपयुक्त ठरली. पुढे दीड-दोन मिलिमीटर जाडीचे स्क्रू आणि चिमुकल्या पट्ट्या हातासाठीही तयार झाल्या.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर पट्टी तारेपेक्षा निःसंशय मजबूत. मग सगळीकडे पट्टीच का वापरू नये? कारण ती बसवण्यासाठी कातडी उघडावी लागते, कंडरा बाजूला सारावी लागते आणि हाडाला रक्त पुरवणारे आवरण सोलावे लागते. बोटाच्या हाडावर पट्टी बसवली की तिच्यावरूनच ती पातळ कंडरा सरकणार. तिथे वण धरला की कंडरा चिकटते. तळहातातल्या करभास्थींवर पट्टी बऱ्याचदा चांगली चालते. बोटातल्या अंगुल्यस्थींवर ती विचारपूर्वकच वापरावी लागते.

तारेची ताकद किती असते, याचे गणित विद्यार्थ्यांना सहज करता येईल. गोल तारेचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १ मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटरची तार घेतली तर १.५ × १.५ × १.५ × १.५ म्हणजे सुमारे ५ पट विरोध मिळतो. व्यास निम्म्याने वाढवला आणि ताठपणा पाचपट झाला! पण जाड तार लहान हाडाला चिरून टाकू शकते. त्यामुळे एका जाड तारेपेक्षा दोन बारीक तारा तिरप्या घालणे बहुधा श्रेयस्कर ठरते. त्याला आणखी एक कारण आहे. एकाच तारेवर दोन्ही तुकडे तिच्याभोवती फिरू शकतात, दोन तारांवर फिरू शकत नाहीत.

हे फिरणे किती नुकसान करते? मूठ वळताना बोट करभास्थीशी साधारण काटकोनात येते आणि त्याचे टोक करभास्थीच्या अक्षापासून सुमारे ८ सेंटिमीटर अंतरावर असते. हाड जुळताना केवळ ५ अंश पिळले गेले, तर बोटाचे टोक सुमारे ७ मिलिमीटर सरकते. १० अंश पिळले तर १४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एका बोटाच्या रुंदीइतके. हात सरळ असताना हा दोष क्वचितच दिसतो. मूठ मिटली की एक बोट दुसऱ्यावर चढते. म्हणून जाणकार डॉक्टर मोडलेल्या हाताचे नुसते चित्र पाहत नाहीत, शक्य तितकी मूठ मिटायला लावून बोटांची दिशा पाहतात.

मुंबईत तयार झालेली चौकट

भारतात हाताच्या शस्त्रक्रियेचा विकास एका वेगळ्या वाटेने झाला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णांसाठी आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जरी विभागात असे काम केले. हाताचा आकार दुरुस्त झाला तरी त्याने काम करता आले पाहिजे, ही कसोटी या कामामुळे इकडे लवकर पक्की झाली.

मोडलेल्या हाडांच्या बाबतीत मात्र आपल्याकडचा प्रश्न पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा निराळा होता. तिथल्या पुस्तकांत खेळताना मोडलेले बोट असे, इथे चिरडलेला आणि मळलेला हात असे. अशा जखमेत पट्टी बसवणे म्हणजे घाणीत परकी वस्तू ठेवणे. नुसते प्लास्टर घातले तर जखम झाकली जाते, तिची स्वच्छता करता येत नाही आणि हात ताठरतो. काही वेळा हाडाचा तुकडाच नाहीसा झालेला असतो. मग जोडायचे तरी कशाला?

मुंबईचे हस्तशल्यचिकित्सक डॉ. बी. बी. जोशी यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. बोटाच्या मुळाकडील अंगुल्यस्थीचा भंग कातडी न उघडता तारांनी स्थिर करण्याविषयीचा त्यांचा लेख १९७६ साली 'द हँड' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्यानंतर त्यांनी बाहेरून आधार देणारी एक चौकट विकसित केली. 'जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम' या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'जेस' म्हणतात.

जेसची कल्पना समजायला सोपी आहे. जखमेपासून दूर, निरोगी हाडात, भंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक के-वायर घालायच्या. त्यांची टोके कातडीबाहेर ठेवायची. बाहेर या तारा लहान जोडांमध्ये अडकवून सळ्यांना बांधायच्या आणि षटकोनी किल्लीने स्क्रू आवळायचे. झाली चौकट तयार. पडक्या भिंतीला बाहेरून टेकू द्यावा तसा हा प्रकार. जखम मोकळी राहते, रोज धुता येते, तिच्यावर कातडीचे रोपण करता येते. हाडाचा तुकडा गेला असला तरी बोटाची लांबी टिकते. सळीवरचे जोड हळूहळू दूर सरकवले तर आक्रसलेले अस्थिबंध ताणले जातात आणि विखुरलेले तुकडेही त्या ताणाने ओळीत येतात. उरलेली बोटे पहिल्या दिवसापासून हलवता येतात.

इथेही साधे यंत्रशास्त्र कामी येते. तारेचे एक टोक हाडात आणि दुसरे सळीत. सळी हाडापासून जितकी दूर तितकी तार लवचीक, आणि ही लवचीकता अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट केले तर तार आठपट सहज वाकते. म्हणून चौकट कातडीच्या शक्य तितकी जवळ ठेवायची. पण सूज येईल तेवढी जागाही सोडायची. हे सारे भाग हलके, साधे आणि तुलनेने स्वस्त आहेत, आणि म्हणूनच मोठ्या शहरांबाहेरच्या अस्थिरोगतज्ज्ञांनाही ते वापरता आले.

पुढे १९९० च्या सुमारास हीच चौकट लहान मुलांच्या जन्मजात वाकड्या पावलांसाठी वापरली जाऊ लागली. पावलाची आतली बाजू जास्त आक्रसलेली असते, म्हणून ती बाहेरच्या बाजूच्या दुप्पट वेगाने ताणायची: सामान्यतः आत दिवसाला १ मिलिमीटर आणि बाहेर अर्धा. आज अशा बहुतेक बाळांवर क्रमाक्रमाने प्लास्टर बदलत जाण्याचा उपचार होतो, पण उपचार न मिळालेल्या मोठ्या मुलांसाठी जेसचा उपयोग होतोच. हातासाठी जन्मलेल्या कल्पनेने पायालाही आधार दिला.

चौकटीचे तोटेही सांगायला हवेत. तारा बाहेर असल्याने त्यांच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो, रोज स्वच्छता ठेवावी लागते आणि रोग्याला काही आठवडे ती वागवावी लागते. त्यामुळे साध्या, बंद भंगाला तिची गरज नसते. अनेक भंग तर न सरकलेले असतात. मोडलेले बोट शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून हलवत ठेवले, एवढ्यानेच ते बरे होतात.

कापलेले बोट, जागा रोगी

दोन घटनांचा उल्लेख इथे करायला हवा. १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने पुन्हा जोडला. अशा शस्त्रक्रियेत सर्वांत आधी हाड तारेने स्थिर करतात. मगच केसाएवढ्या टाक्यांनी रक्तवाहिन्या जोडता येतात. पाया हलता असेल तर नाजूक जोड टिकणार नाही.

दुसरी घटना अलीकडची आहे. बोटात ॲड्रिनॅलिन मिसळलेले भुलीचे औषध टोचले तर बोट सडते, असे वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक वर्षे शिकवले जाई. कॅनडातील डॉ. डोनाल्ड लालोंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हजारो रोग्यांच्या अनुभवावरून ही भीती निराधार असल्याचे दाखवले. या औषधाने रक्तस्राव थांबतो, त्यामुळे दंडाला आवळपट्टी लागत नाही आणि पूर्ण भूलही लागत नाही. रोगी जागा असतो. तार घातली की डॉक्टर त्याला सांगतात, "मूठ मिटा." बोट कुठे वळते, हाड हलते का, हे तिथल्या तिथे कळते. चूक असेल तर लगेच सुधारता येते. महागडे भूलयंत्र नसलेल्या गावांसाठी या बदलाचे मोल मोठे आहे.

बोटाची किंमत

हा विषय केवळ वैद्यकाचा नाही. कामगारांना नुकसानभरपाई देणारा कायदा भारतात १९२३ साली झाला. त्याच्या सुधारलेल्या अनुसूचीत प्रत्येक अवयव गमावल्यावर कमाईची क्षमता किती टक्के घटते हे ठरवून दिले होते: अंगठा ३० टक्के, सबंध तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के, एका हाताची चारही बोटे ५० टक्के. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे.

१९२३ च्या कायद्याच्या अनुसूचीखालची एक टीप आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असे समजावे, असा तिचा आशय आहे. म्हणजे बोट जागेवर आहे, हाड जुळलेले आहे, पण ते अजिबात हलत नाही. तर कायद्याच्या नजरेतही ते गेलेलेच. शल्यचिकित्सकांना जे कळायला शतके लागली ते कायद्याने एका वाक्यात मान्य केले आहे.

पण हा हिशेब मालक आणि कामगार यांच्यातला. स्वतःच्या शेतात स्वतःच कडबाकुट्टी चालवणारा शेतकरी त्यात बसत नाही. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, त्यामागे मळणीयंत्रांवर हात गमावणाऱ्यांचे प्रश्न होते. हात रुळांपर्यंत पोहोचूच नये इतकी लांब आणि झाकलेली घळ, पात्यांवर आच्छादन आणि हाताजवळ बंद करण्याची कळ, एवढ्या गोष्टी यंत्रात असल्या तर वर सांगितलेल्या बहुतेक शस्त्रक्रियांची वेळच येणार नाही. एका लोखंडी घळीला लागणारा पत्रा एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे काहीच नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. थर्मोकोलचे दोन तुकडे एका दाभणाने जोडा आणि पिळा, ते फिरतात. दुसरे दाभण तिरपे घाला आणि पुन्हा पिळा. फरक लगेच कळेल.

२. तळहात सरळ ठेवून बोटे फाकवा. आता बोटांच्या मुळाशी असलेले सांधे काटकोनात वाकवून, बोटे सरळ ठेवून, तीच बोटे फाकवायचा प्रयत्न करा. जमत नाही. वाकलेल्या स्थितीत या सांध्यांचे अस्थिबंध ताणलेले असतात, सरळ स्थितीत सैल. सैल अवस्थेत सांधा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवला तर अस्थिबंध आखडतात आणि मग मूठ मिटत नाही. म्हणून हात बांधताना हे सांधे वाकवून आणि बोटांचे पुढचे सांधे सरळ ठेवून बांधतात. एडिंबरोचे जे. आय. पी. जेम्स यांनी १९६० च्या दशकात या स्थितीचा पुरस्कार केला. सपाट फळीवर सरळ बांधलेला हात वरून नीटनेटका दिसतो, पण तो चुकीचा बांधलेला असतो.

३. एकेक बोट वाकवून तळहाताला टेकवा. प्रत्येक बोटाचे टोक साधारण अंगठ्याच्या मुळाकडे, मनगटातल्या नौकाकृती हाडाच्या दिशेने वळते. मोडलेले बोट दुसरीकडे वळत असेल तर हाड पिळलेले आहे.

शाळेच्या मैदानावर कुणाचे बोट मोडले तर ते चोळू नये, ओढू नये. बोटात अंगठी असेल तर सूज येण्यापूर्वी काढावी, हात छातीपेक्षा उंच ठेवावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, त्याने पेशी मरतात.

बोटाचे हाड साधारण तीन-चार आठवड्यांत हालचाल सोसण्याइतके जुळते, क्ष-किरण चित्रात भंगाची रेष त्यानंतरही बराच काळ दिसत असली तरी. तारा त्या सुमारास काढल्या जातात. खरे काम तिथून सुरू होते आणि ते रोग्यालाच करावे लागते: रोज, थोडे थोडे, दुखले तरी. सुश्रुतसंहितेतला मातीचा गोळा आणि आजचा रबरी चेंडू यांच्यात फार अंतर नाही. विळा धरणारी, पाना फिरवणारी आणि फळ्यावर खडूने लिहिणारी मूठ पुन्हा मिटली, तरच हाड जुळले असे म्हणायचे.